दस्तीखालचं माप

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ न्हाई म्हणत्यात. पण आमच्या मालकाचं नाव संस्थेच्या पाटीवर तेलरंगानं लिहिलंय, खाली चेअरमन असं बी लिहिलंय, मग मी एकटीनं लपवून काय करू? कचरू. वडवणीच्या बुरूड कामगार सहकारी संस्थेचे चेअरमन. संस्था अकरा घरांची. चेअरमन दिवसातून मोजून दहा शब्द बोलणार, त्यातले चार शेळीला. बाकीचं सगळं बोलणं माझ्यावर. गावात लोक म्हणायचे, पाटी कचरूची अन् तोंड सारजाबाईचं. म्हणेनात का, खोटं थोडंच हाय.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या सालची ही गोष्ट. आमी सुपं करतो, टोपल्या करतो, दुरड्या करतो, पण बुरडाचं पोट भरतं ते कणगीवर. कणगी म्हंजे धान्य साठवायला बांबूच्या कामट्यांची विणलेली उंच कोठी. आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपली, वर झाकण घातलं, की सालभर दाण्याला काय होत न्हाई. दोन हात उंच कणगीत तीन पोती मावत्यात, चार हाताच्या कणगीत पंधरा. जसं पीक, तशी कणगी.

दुष्काळाच्या आधी आमी काय शहाणपणा केला, तर साठ कणग्या करून ठिवल्या. कुणी सांगितल्या नव्हत्या. पीक आलं की लोक येतीलच, असं धरून चाललो. पीकच आलं न्हाई. साठच्या साठ कणग्या छपराखाली उभ्या राहिल्या, बांबूला भुंगा लागला, अन् एक दिवस मी एकीला हात लावला तर नुसतं पीठ खाली आलं. तवा मी रडले, खोटं कशाला सांगू. मग सगळा बुरूडवाडा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. दोन उन्हाळे गेलतो. तिथंच मी मनाशी धरलं, की एकदा पाऊस पडू दे, पुन्हा घर सोडून कुणाच्या कामावर जायचं न्हाई. आपला कोयता, आपला बांबू, आपलं अंगण.

पाऊस पडला. बाजरी कमरेला लागली. अन् पोळा झाल्यावर बीडहून सहकार खात्याचे सायब आले. तरणे होते, चष्मा लावलेले, मूळचे तलवाड्याकडचे. संस्थेच्या ओट्यावर बसून त्यांनी फाईल उघडली.

"साठ कणग्यांचं काय झालं ते इथं लिहिलंय," सायब म्हणले. "आता तसं चालणार नाही. आधी ऑर्डर, मग बांबू. घट बसायच्या आत चाळीस ऑर्डरी वहीत पाहिजेत. नाव, माप आणि अंगठा. मी स्वतः येऊन गिऱ्हाइकांना विचारणार. चाळीस भरल्या तर डेपोतून बांबूचा ट्रक तुमचा. नाही भरल्या तर तो दुसऱ्या संस्थेला जाईल."

मला राग यायची लई सवय हाय, पण सायबाचा राग आला न्हाई. माणूस बरोबर बोलत होता. सांगितल्याबिगर केलेल्या कणगीचं पीठ मीच तर झाडलं होतं.

पण त्याच आठवड्यात ऊसतोडीचा मुकादम बुरूडवाड्यात येऊन चहा पिऊन गेला. चार घरांनी त्याला "बघू" म्हणलं. बघू म्हंजे येतो, हे काय मला कळत न्हाई? बांबू आला न्हाई तर दिवाळीनंतर चारच न्हाई, अकरा घरं उसाला जाणार, त्यात माझं बी. संस्थेच्या पाटीखाली मग शेळ्या बांधायच्या. मला उसाला जायचं नव्हतं. एवढंच माझं मागणं होतं, लई मोठं न्हाई.

चाळीस ऑर्डरी म्हंजे काय अवघड, असं मला वाटलं. दुष्काळात सरपण नव्हतं, तवा लोकांनी रिकाम्या कणग्या तोडून चुलीत घातल्या होत्या. धड कणगी गावात एक उरली नव्हती. ज्याला त्याला पाहिजेच होती. मी वही बगलेत मारली अन् पहिलं धुळाजीबापूचं घर गाठलं. तीस एकराचा धनी, गावात त्यानं केलं की बाकीचे करत्यात.

"बापू, औंदा कणगी किती हाताची करू?"

बापू सुपारी कातरत होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "सारजे, तोंड आवर. रास अजून झाली न्हाई अन् कणगीचं माप काढतीस?"

"माप सांगितल्याबिगर बांबू येत न्हाई, बापू."

"मग रास झाल्यावर ये."

"रास झाल्यावर ट्रक दुसरीकडं गेलेला असंल."

"तुझ्या ट्रकासाठी माझ्या पिकाला नजर लावू व्हय?"

आमच्याकडं ही रीतच हाय. खळ्यावर दाण्याची रास पडल्याबिगर कणगीचं माप तोंडातनं काढू न्हाई. काढलं की पीक जातं. कुणाच्या आज्यानं पाच हाताची कणगी आधी सांगितली अन् टोळधाड आली, कुणाच्या चुलत्यानं सांगितली अन् गारा पडल्या, अशा गोष्टी ज्याला त्याला पाठ. अन् दोन सालं उपाशी राहिलेली माणसं, त्यांचा भरवसा कशावर बसावा? चार दिवस मी तीस घरं हिंडले. बाजरी चांगली हाय, एवढं बी कुणी कबूल करीना. कशी हाय बाजरी, असं इचारलं की, "हाय आपली, जगली तर." कमरेएवढी बाजरी तिकडं शेतात उभी, अन् ह्यांचं आपलं जगली तर. मी घरी येऊन वही आपटली. मालकांनी ती उचलली, धूळ झटकली अन् फळीवर ठिवली. 

तोंडानं माप सांगणारी सगळ्या गावात एकच बाई निघाली. भिमाअक्का. तिचा लेक मोहन मास्तर आमच्या संस्थेची वही लिहायचा, फुकट. तिची तीन एकर जमीन.

"लिही रं मोहन, तीन हाताची," अक्का म्हणली, पाटावर बसून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

"अक्का, भ्या न्हाई वाटत?" मी इचारलं.

"छप्पन साली दीक्षा घेतली तवाच असलं भ्यायचं सोडलं. पीक पावसानं येतं, पावसानं जातं. माझ्या जिभेला कोण इचारतंय?" अन् तिनं अंगठा दिला न्हाई, सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. अक्षरं काढायला येळ लागला पण पुरं नाव लिहिलं.

एक ऑर्डर झाली. राहिल्या एकोणचाळीस अन् दिवस राहिले अकरा.

बाजारच्या दिवशी मी सुपं घेऊन बसले होते. पलीकडं बैलबाजार. पाऊस झाल्यामुळं लोक पुन्हा बैल बघाया लागले होते. दोन गडी समोरासमोर उभे, दोघांचे हात एका दस्तीखाली. खांद्यावरचा तो पंचा, त्याला आमी दस्ती म्हणतो. तोंडानं त्यांचं चाललं होतं, पाहुणे कवा आलते, पोरीला कुठं दिलं, अन् दस्तीखाली बोटं दाबून बैलाचा भाव चालला होता. सगळा बाजार असाच. हजारांचा सौदा होतो अन् आकडा कुणी तोंडातनं काढत न्हाई. जल्मभर बघत आले, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. सुपं शेजारणीच्या हवाली केली अन् घरी पळाले.

"मालक, तोंडानं सांगायचं न्हाई ना त्यास्नी? मग हातानं सांगू द्या. एक बोट म्हंजे एक हात उंची. अर्धं बोट म्हंजे अर्धा हात. दस्तीखाली."

मालक कामटी तासत होते. थांबले. "बरं हाय," म्हणले.

"पण मी बाई. गडीमाणसाचा हात दस्तीखाली धरला तर गाव मला हाकलंल. गड्यांकडं तुमी जायचं. बायांकडं मी."

"मी?" मालक म्हणले. कोयता हातातनं पडायचा राहिला.

"मग काय, तुमाला बोलायचं थोडंच हाय? उलट तुमच्यापरीस चांगला माणूस कुठं गावायचा."

असं आमी निघालो. पहिलं पुन्हा धुळाजीबापू. मालकांनी दस्ती पुढं केली अन् उभे राहिले. बापूला आधी कळंना. मी लांबूनच म्हणलं, "बापू, तोंडानं काय बी सांगू नका. पाऊसपाण्याचं बोला." बापूनं दस्तीकडं बघितलं, मालकांकडं बघितलं. मग हात आत घातला.

आता एक सांगते. धुळाजीबापू माणूस वाईट न्हाई. पण सुपाच्या बदल्यात जवारी द्यायची तर तो हात वर धरून ओतायचा, म्हंजे बुरडाच्या ओंजळीला बोट लागू न्हाई. त्याच्या बापानं तसंच केलं, आज्यानं तसंच. बैलाचा सौदा असता तर त्यानं आमच्याशी केलाच नसता. अन् त्या दिवशी दस्तीखाली त्यानं आमच्या मालकांचा हात धरला, चांगला दमानं धरला, अन् तोंडानं "औंदा थंडी लवकर पडंल" असं काहीतरी बोलत राहिला. बाहेर आल्यावर मालक आपल्या हाताकडं बघत चालले होते. मला बरं वाटलं, अन् राग बी आला, की एवढ्यासाठी एवढी सालं कावून लागावी.

बापूनं तीन बोटं दाबली होती. निघायच्या आधी मी मागल्या दारी त्याच्या बायकूकडं, सुभद्राबाईकडं जाऊन आले होते. तिनं पाच दाबली.

बायांचे हात लई बोलके. गडी एक बोट दाबून जरा थांबत्यात, इचार करत्यात. बायांनी बोटं धरली की सोडीनातच. दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन लेकरं जगवलेल्या बाया ह्या. तोंडानं "कुठलं काय, सारजाबाई" म्हणायच्या अन् दस्तीखाली माझी तीन बोटं, चार बोटं अशी आवळायच्या की पायातल्या जोडव्यापर्यंत कळ जायची. तिसऱ्या घरात माझे डोळे भरून आले. माणसाच्या मनात एवढी आस असती अन् त्याला ती बोलून दाखवायची सोय नसती. मी मेली त्यास्नी भेकड म्हणत हिंडत होते.

माप तिथं लिहायचं न्हाई, नुसता अंगठा घ्यायचा. रोज सांजच्याला मोहन मास्तरच्या घरी जाऊन मालक अन् मी आकडे सांगायचो, मास्तर वहीत भरायचा.

"धुळाजीबापूची तीन, सुभद्राबाईची पाच," मास्तर म्हणला. "एका घरची दोन मापं कशी लिहू?"

"बाईचं लिव्हा. कणगी बाईलाच वापरायची असती," मी म्हणलं. मालकांनी मान हलवली. बहुतेक घरी असंच निघालं. बाईचं माप गड्यापेक्षा एक-दोन हातानं चढच.

सात दिवसांत त्रेचाळीस ऑर्डरी झाल्या. मुकादम पुन्हा आला तवा मी त्याला चहा पाजला अन् म्हणलं, जा बाबा, आता बसू नको.

घट बसायच्या दोन दिवस आधी सायब आले. वही बघून खूश झाले. "आता चार-दोन घरी विचारून येऊ," म्हणले. अन् थेट धुळाजीबापूच्या ओट्यावर गेले. मी, मालक अन् मोहन मास्तर मागं.

"तुम्ही पाच हाताची कणगी सांगितली आहे ना?" सायबांनी खणखणीत आवाजात इचारलं.

बापू दचकला. आधी त्यानं आभाळाकडं बघितलं. "कसली कणगी, सायब? बाजरीला दाणा भरला तर बघू."

"पण वहीत तुमचा अंगठा आहे."

"हाय व्हय? असंल. अंगठा काय, कुठं बी उमटतो."

 मी दस्ती शोधली, अंगठे घेतले, घरं मोजली, अन् सायब मोठ्यानं इचारणार हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी गडी म्हणला, आमी कणगी कधी वापरतच न्हाई, आमी खातोच सगळं. चौथ्या घरी बाईनं दार लावून घेतलं. पाचवं घर भिमाअक्काचं.

"हाय माझी, तीन हाताची," अक्का म्हणली. "बाकीच्यांचं मनावर घेऊ नका सायब, त्यास्नी नजरेचं भ्या वाटतं."

"पाचात एक," सायब म्हणले अन् पेनाला टोपण लावलं. "बाई, मला ही वही खरी वाटत नाही. मी सही करू शकत नाही. तीनची गाडी आहे माझी."

मास्तर समजावायला लागला, रीत काय, नजर काय, दस्ती काय. सायब ऐकत होते पण पाय स्टँडाकडं वळलेले. माझ्या डोळ्यांपुढं उसाचा फड आला. अन् मग माझं डोकं फिरलं. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"सायब, तुमचे वडील शेती करत्यात?"

"करतात. त्याचं काय?"

"औंदा बाजरी किती होईल तुमची?"

"कुठली हो, बियाण्यापुरती झाली तरी..." सायब म्हणले अन् मधीच थांबले. कानाची पाळी लाल झाली. मी हसले न्हाई. हसले असते तर ट्रक गेला असता. मोहन मास्तर मातुर तोंडावर हात धरून भिंतीकडं वळला.

"आता बघा," मी म्हणलं, "बी.ए. झालेला माणूस, सरकारी खुर्चीवरचा, तुमच्या तोंडातनं आकडा येत न्हाई. मग आमच्या धुळाजीबापूच्या कसा येईल? तोंडाला इचारू नका, सायब. हाताला इचारा."

 सायबांनी फाईल मास्तरच्या हातात दिली, मालकांपुढं हात केला. मालकांनी खांद्यावरची दस्ती काढून दिली.

बापूच्या ओट्यावर आमी परत गेलो. सायबांनी दस्ती पुढं धरली अन् इचारलं, "तलवाड्याकडं बी पाऊस बरा झालाय. तुमच्याकडं कसा?" सायबाची भाषाच बदलली. बापूनं हात आत घातला. दोघं पावसाचं बोलत राहिले. सायबांनी हात बाहेर काढला अन् वहीत बघून कपाळाला आठी घातली.

"वहीत पाच आहेत. ह्यांनी..." पुढचं बोलायच्या आत सायबांची नजर दाराकडं गेली. बापूच्या पाठीमागं, उंबऱ्याच्या आत, सुभद्राबाई उभी होती. डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला, अन् दुसरा हात पुढं केलेला, पाची बोटं फाकवून. सायबांनी टोपण काढलं, पाचावर बरोबरची खूण केली अन् ओट्यावरनं उतरले. पाच कुणी लिहायला लावली, ते बापूला अजून ठाऊक न्हाई.

तीनची गाडी गेली. सायबांनी भिमाअक्काकडं भाकरी खाल्ली अन् पुन्हा निघाले. दिवस मावळतीला लागोस्तवर पस्तीस घरं त्यांनी स्वतः हिंडून तपासली. बायांच्या घरी ते अंगणात उभे राहायचे अन् मी आत जायचे. शेवटी संस्थेच्या ओट्यावर बसून त्यांनी वहीवर सही केली. "ट्रक चौथ्या माळेला येईल," म्हणले. जाताना दस्ती घडी घालून मालकांना परत दिली. बुरूडवाड्यातल्या सहा घरांतली माणसं ओट्याखाली जमली होती, त्यांतली दोन मुकादमाला बघू म्हणलेली. एकजण उठून आपला कोयता घासायला बसला.

सगळे गेल्यावर मी घरी आले. लई दमले होते. दिवस अजून मावळला नव्हता. मालक उंबऱ्यात बसले होते. त्यांनी मला हातानं बोलावलं अन् माझ्या हातावर दस्ती टाकली.

मला वाटलं, कुणाची ऑर्डर सांगायची राहिली. त्यांनी दोन बोटं दाबली.

"कुणाची?" मी इचारलं.

मालकांनी नुसतं घराच्या कोपऱ्याकडं बघितलं. आमच्या घराच्या. तिथं पाट्याच्या बाजूला जागा मोकळी होती, नेहमी असती तशी.

बुरडाच्या घरात कणगी नसती. गावाच्या कणग्या आमी करायच्या अन् आमचं आपलं, आज सुपावर दोन पायल्या आल्या, उद्या संपल्या. साठवायला काय असतं? पण त्या साली रोकडा कुणाकडंच नव्हता, म्हणून कणगीच्या बदल्यात धान्यच द्यायचं ठरलं होतं. अकरा घरांत वाटून बी पहिल्यांदाच पोत्यानं धान्य येणार होतं, अन् आमी कुठं जाणार नव्हतो. माणसानं हे सगळं कवा मोजलं असंल, मला ठाऊक न्हाई. बोलून तर कधी दाखवलं न्हाई.

मी उठले अन् दार लोटून घेतलं. कावून लोटलं, माझं मला कळलं न्हाई. परत येऊन बसले, दस्ती नीट केली अन् त्यांच्या हाताची चार बोटं दाबली.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. बैलबाजारात सौदा मंजूर नसला की गडी हात काढून घेतो. त्यांनी हात काढला न्हाई.

अन् मी, जिच्या तोंडाला सगळं गाव भितं, खळ्यावर रास पडोस्तवर त्या कणगीचा एक शब्द कुणाला बोलले न्हाई.